एका अक्षराची माशी : मुलुंडच्या खताच्या ड्रममधलं प्रकरण

गेल्या जुलैत मुलुंड पश्चिमेच्या एका सोसायटीच्या नोटीस बोर्डावर सूचना लागली. ‘ओल्या कचऱ्याच्या ड्रममध्ये मांस-मासळीचे अवशेष टाकल्याने हिरव्या माश्यांचा प्रादुर्भाव झाला आहे. संबंधित सभासदांनी आपला कचरा स्वतंत्र द्यावा.’ संबंधित कोण ते लिहिलं नव्हतं. ऐंशी घरांच्या इमारतीत ते लिहावं लागत नाही. कोणाच्या दारासमोरून जाताना तळलेल्या बोंबलांचा वास येतो, हे लिफ्टमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं.

मी शेजारच्या इमारतीत राहते आणि कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. दुसऱ्या मजल्यावरच्या मालवणकडच्या आजींनी मला घरी बोलावलं. चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, “बाई, माझ्याकडचे काटे मांजरीला जातात. ड्रममध्ये कशाला टाकू? तुम्ही माश्यांचं शिकवता ना, मग ही माशी कुठली ते तेवढं सांगा.”

प्रश्न नेमका होता. सूचनेतला सगळा तर्क माशीच्या ओळखीवरच उभा होता. माशी हिरवी, हिरवी माशी मासळीवर येते, म्हणून कोणीतरी मासळी टाकली. यातली पहिली पायरी कोणीच तपासली नव्हती. ती तपासायला मला काही आठवडे लागले. कोणाला पुन्हा अशी वेळ आली तर उपयोगी पडावं, म्हणून ते सगळं लिहून ठेवते आहे.

ड्रमच्या काठावर

ही सोसायटी २०१७ पासून आवारातच खत करते. महापालिकेने मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं, ते हेच वर्ष. मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडखाली निळे ड्रम आहेत, त्यांना भोकं पाडलेली, खाली विटा. कचरा वेगळा करणाऱ्या मावशी तिथे रोज सकाळी दोन तास असतात. मी गेले तेव्हा त्यांनी हातातलं खुरपं बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, “त्या नाचऱ्या माश्या बघायला आलात का? जरा थांबा, ऊन आलं की येतील.”

नाचरी माशी. हा शब्द मी वहीत लिहून घेतला, आणि पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

साडेनऊला उघडीप पडली. ड्रमच्या काठावर एक माशी येऊन बसली. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान, चार-पाच मिलिमीटर. अंग मोरपिसाच्या देठाजवळच्या भागासारखं चमकदार हिरवं, मध्येच तांब्याची झाक. डोकं मोठं, अंगाच्या मानाने जडच. डोळे लालसर आणि त्यांवर आडवे पट्टे, जणू कोणी बारीक कुंचल्याने ओढलेले. पंख स्वच्छ पारदर्शक, एकही ठिपका नाही. ती चार पावलं चालली, थांबली, आणि पुढचे दोन पाय आळीपाळीने उचलून हलवू लागली. पायाच्या टोकाकडचा एक भाग पांढुरका होता, त्यामुळे हालचाल लांबूनही नजरेत भरत होती. समोर दुसरी माशी आली. पहिली बाजूला सरकली, पुन्हा समोर आली, पुन्हा पाय हलवले. हे असं सहा-सात मिनिटं चाललं. मी गुडघ्यावर बसून, फोनला भिंग लावून बघत होते. मावशी मागून म्हणाल्या, “हे असंच. घरातली माशी कधी असं करते का?”

कुल कसं ठरलं

आधी शब्दांचा एक घोळ निस्तरते. वर्तमानपत्रांत हल्ली ‘प्रजाती’ हा शब्द कशालाही वापरतात. जीवशास्त्राच्या जुन्या मराठी परिभाषेत जाती हा सगळ्यांत लहान गट, अनेक जातींची मिळून एक प्रजाती, आणि अनेक प्रजातींचं एक कुल. मी इथे हाच क्रम पाळते. आंबा आणि फणस एकाच कुलात ढकलले तर कोकणातलं शेंबडं पोरही हसेल. माश्यांच्या बाबतीत मात्र ‘हिरवी माशी’ म्हणून चार-चार कुलं एका पिशवीत टाकली जातात.

फोटो बघून माझा पहिला अंदाज चुकला. खतात हिरव्या चमकदार माश्या म्हटल्यावर मला सैनिक माश्यांच्या कुलातली मायक्रोक्रायसा आठवली. तिच्या अळ्याही कुजणाऱ्या पाल्यात वाढतात, आकारही जुळतो. तीन माश्या काचेच्या नळीत धरून कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर ते नाव खोडावं लागलं. सैनिक माशीच्या पंखात शिरांची गर्दी पुढच्या कडेकडे असते आणि मधोमध एक लहानसा बंद कप्पा असतो. इथे तसं काहीच नव्हतं.

मग सूचनेतली संशयित, म्हणजे मासळीबाजारातली मोठी निळी-हिरवी माशी, क्रायसोमाया. ती ड्रमवरच्या माशीच्या जवळजवळ दुप्पट असते. अंगावर राठ, ताठ केसांच्या रांगा असतात. पंखाच्या मुळाशी पापुद्र्यासारखी मोठी पाळी असते. आमच्या माशीला यातलं काही नव्हतं. अंग जवळजवळ गुळगुळीत, केस मोजके. पंखात एक खूण ठळक होती: टोकाकडे जाणाऱ्या दोन लांब शिरा एकमेकींकडे झुकलेल्या, त्यामुळे त्यांच्यामधला कप्पा कडेपाशी चिंचोळा झालेला. आणि माद्यांच्या पोटाच्या टोकाला अंडी घालायची नळी होती, तिचा पहिला भाग कडक आणि आत न ओढला जाणारा.

ही नळी फळमाशीच्या गोतावळ्याची खूण. आंबा बागायतदार जिच्यासाठी झाडाला रक्षक सापळे टांगतात, तीच फळमाशी. पण फळमाशीच्या पंखात पुढच्या कडेजवळची एक शीर एकदम काटकोनात वर वळते, इथे ती सावकाश वळून कडेला मिळाली होती. म्हणजे फळमाशी नाही, तिची चुलत बहीण. या कुलाला आज युलिडिइडी म्हणतात. आधी ओटिटिडी म्हणत, त्याआधी ऑर्टॅलिडी. जुनं वाचताना ही तिन्ही नावं डोक्यात ठेवावी लागतात, नाहीतर शोध अर्ध्यावर थांबतो. या कुलाच्या माश्यांना ‘चित्रपंखी’ असं एक ढोबळ नाव आहे, कारण बहुतेकींच्या पंखांवर नक्षी असते. आमची मात्र नक्षीशिवायची.

हिरवं धातूसारखं अंग, पट्ट्यांचे डोळे, कोरे पंख, चिंचोळा कप्पा आणि पुढच्या पायांचा नाच. हे सगळं एकत्र येतं ते फायसिफोरा या प्रजातीत. अमेरिकेत जॉन अल्कॉक आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७९ मध्ये याच प्रजातीतल्या एका जातीच्या प्रणयनृत्यावर स्वतंत्र निबंध लिहिला आहे. मावशींनी ड्रमच्या काठावर जे बघितलं, त्याच तऱ्हेच्या वागण्यावर तिकडे शास्त्रज्ञांनी पानंच्या पानं लिहिली आहेत.

एक अक्षर

मग क्रायसोमायाचा संशय नोटीस बोर्डापर्यंत आला कुठून? कमिटीतल्या एका तरुण सभासदाने अगदी प्रामाणिकपणे शोध घेतला होता. त्याच्या फोनवर परिसरातल्या कीटकांची एक यादी फिरत आली होती. त्यात ‘चमकदार हिरवी माशी, ४ ते ५ मि.मी.’ अशी नोंद होती आणि पुढे नाव क्रायसोमाया. ते नाव त्याने इंटरनेटवर टाकलं. मेलेली जनावरं, मासळी, जखमा, हे सगळं समोर आलं आणि त्याने ते कमिटीसमोर ठेवलं. आकाराकडे त्याचं लक्ष गेलं नाही. त्याला दोष देण्याचं मला कारण दिसत नाही. त्याने यादीवर विश्वास ठेवला, इतकंच.

ती यादी मी ओळखली. मी पूर्वी जिथे शिकवत होते त्या कॉलेजच्या संग्रहावरून ती केलेली होती. तिथल्या कपाटातली पेटी उघडून बघायची परवानगी मला मिळाली. डांबराच्या गोळ्यांचा तो ओळखीचा वास, बुरशीने कडा खाल्लेला कागद, आणि चार टाचण्या. प्रत्येकीवर एक बारीक माशी, हिरवा रंग अजून शाबूत, डोळ्यांवरचे पट्टे मात्र गेलेले. हे पट्टे माशी मरून सुकली की नाहीसे होतात. चिठ्ठीवर शाईने लिहिलेलं होतं क्रायसोमायझा.

माया नाही, मायझा. चिठ्ठ्यांवरून नोंदवहीत उतरवताना कोणीतरी एक अक्षर गाळलं होतं. कदाचित त्याला ती चूक वाटली असेल आणि त्याने ‘सुधारली’ असेल, कारण क्रायसोमाया हे नाव प्रत्येक पाठ्यपुस्तकात भेटतं आणि क्रायसोमायझा कुठेच नाही.

दोन्ही नावांत ग्रीक सोनं आहे. क्रायसोस म्हणजे सोनं. माया म्हणजे माशी, मायझा चोखण्यावरून. स्वीडनच्या कार्ल फ्रेड्रिक फालेन यांनी १८१७ मध्ये क्रायसोमायझा हे नाव दिलं, फ्रान्सच्या रोबिनो-देव्हॉइदी यांनी १८३० मध्ये क्रायसोमाया. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार प्रजातींच्या नावात एका अक्षराचा फरक असला तरी ती दोन वेगळी नावं धरली जातात, त्यामुळे दोन्ही शेजारी शेजारी नांदू शकली. संहितेने ते मान्य केलं, पण माणसाची नजर फसायची ती फसतेच. त्यात भर म्हणजे फालेन यांनीच १८१० मध्ये फायसिफोरा हे नाव आधी दिलेलं होतं. दोन्ही नावं एकाच प्रजातीची ठरल्यावर जुन्याचा मान आधी, या नियमाने फायसिफोरा राहिलं आणि क्रायसोमायझा मागे पडलं. म्हणजे त्या पेटीवरचं नाव बरोबर होतं, पण कालबाह्य होतं. यादीतलं नाव आजही चालतं, पण ते भलत्याच माशीचं होतं. मला या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. नाव चुकलं की त्या नावाशी जोडलेलं सगळं ज्ञान, अन्न, अधिवास, रोग, बदनामी, चुकीच्या माशीला चिकटतं. इथे तर ते चुकीच्या घराला चिकटलं.

‘बॉम्बे’ म्हणजे कुठे

त्याच चिठ्ठीवर दुसरी एक अडचण होती. स्थळ म्हणून फक्त ‘बॉम्बे’. तारीख नाही, कोणी पकडली ते नाही.

आज आपण ते वाचून नकाशावर मुंबईत ठिपका देऊ. पण बॉम्बे हे शहराचं नाव होतं तसं इलाख्याचंही होतं. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता. धारवाड, विजापूर, गुजरातचा मोठा भाग होताच. पुढे १९६० पर्यंत मुंबई राज्य होतं. त्यामुळे जुन्या चिठ्ठीवरचं बॉम्बे म्हणजे भायखळाही असेल आणि कराचीही. शहरातल्या ठिपक्यांमध्ये असे किती पाहुणे ठिपके आहेत ते एकेक चिठ्ठी वाचल्याशिवाय कळणार नाही.

या प्रजातीच्या बाबतीत हे जास्त जाचतं, कारण तिच्याबद्दल आपल्याकडे मुळातच थोडं लिहिलं गेलं. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत ब्रुनेटी यांचे माश्यांवरचे खंड १९१२, १९२० आणि १९२३ मध्ये आले. पुढे १९३३-३४ मध्ये डासांवरचे आले, १९४० मध्ये मासळीवरच्या माश्यांच्या कुलावरचा आला. रोग पसरवणाऱ्या, चावणाऱ्या, जनावरांना छळणाऱ्या माश्यांना खंड मिळाले. कुजणाऱ्या सालींवर नाचणारी ही माशी कोणालाच त्रास देत नाही, तिच्या कुलाला त्या मालेत खंड मिळाला नाही. नंतर १९७७ मध्ये पौर्वात्य प्रदेशातल्या माश्यांच्या सूचीचा तिसरा खंड हवाईहून निघाला, त्यात या कुलाची नावं एकत्र आली. पण सूची म्हणजे हजेरीपट. वर्गात बसलेला कोण कसा दिसतो ते त्यात नसतं.

तीन डबे

ओळख पटली तरी आजींचा प्रश्न पुरता सुटला नव्हता. फायसिफोराच्या अळ्या कुजणाऱ्या वनस्पतींत, शेणात, खतात वाढतात हे माहीत आहे. पण याच ड्रममध्ये त्या कशावर वाढल्या? हे पुस्तकातून सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं, असं मला वाटलं.

तीन प्लॅस्टिकचे डबे घेतले. पहिल्यात ड्रममधलं अर्धवट कुजलेलं खत, मावशींनी चाळून दिलेलं. त्यात एकही काटा सापडला नाही. दुसऱ्यात माझ्या घरची दुधीची, पपईची, केळ्याची सालं. तिसऱ्यात बाजारातून आणलेलं एका बांगड्याचं डोकं, थोड्या भुशावर. दुसरा आणि तिसरा चार दिवस शेडमध्ये उघडे ठेवले, मग तिन्हींच्या तोंडाला मलमल बांधली.

बांगड्याच्या डब्यात दुसऱ्याच दिवशी अळ्या वळवळत होत्या. दहा-अकरा दिवसांत त्यातून मोठ्या निळ्या-हिरव्या माश्या निघाल्या, म्हणजे खऱ्या क्रायसोमाया, आणि काही करड्या, पाठीवर पट्टे असलेल्या मांसमाश्या. बारीक हिरवी एकही नाही. खताच्या डब्यातून बाराव्या दिवसापासून नाचऱ्या माश्या येऊ लागल्या, एकूण तेवीस. सालांच्या डब्यातून सोळाव्या दिवसापासून, नऊ. सोबत चिलटं अर्थातच भरपूर.

प्रत्येकी एकेक डबा म्हणजे काही मोठा प्रयोग नव्हे, हे मी कमिटीला आधीच सांगितलं. यातून एवढंच सिद्ध होतं की ही माशी वाढायला मासळी लागत नाही, नुसती भाजीची सालं पुरतात. ड्रममध्ये कोणी कधीच काटा टाकला नाही, हे माशी सांगू शकत नाही. तशी साक्ष तिच्याकडून काढणं हे पहिल्या सूचनेइतकंच चुकीचं झालं असतं.

माश्या एवढ्या का वाढल्या, त्याचं कारण मावशींनीच सांगितलं. जूनपासून कोकोपीटची पोती आली नव्हती. ओल्यावर सुकं पडत नव्हतं, वरून शेडच्या पत्र्यातून पावसाची धार आत जात होती. खत चिखलासारखं झालं होतं. सुका पाला घालून, पत्रा दुरुस्त करून तीन आठवड्यांत काठावरची गर्दी ओसरली.

जात कुठली

इथे मी थांबले, आणि ते मुद्दाम. फायसिफोराची एक जात, अल्सिए, जगभर पसरलेली आहे: युरोप, आशिया, आफ्रिका, दोन्ही अमेरिका, ऑस्ट्रेलिया. माणसाच्या शेण-कचऱ्यासोबत ती प्रवास करते, असं तिच्या पसाऱ्यावरून दिसतं. तिचं वर्णन प्राइस्लर यांनी १७९१ मध्ये केलं. फॅब्रिशियस यांनी १७९८ मध्ये तिलाच डिमान्डाटा म्हटलं आणि ते दुसरं नाव बराच काळ चाललं. अल्कॉक यांच्या निबंधातही तेच आहे. बंदराच्या शहरात सापडलेल्या फायसिफोराला डोळे मिटून अल्सिए म्हणण्याचा मोह होतो. फोटोंच्या संकेतस्थळांवर तसं होतंही.

पण या प्रजातीच्या इतरही जाती जुन्या जगात आहेत आणि त्या एकमेकींसारख्या दिसतात. पंखातला तो चिंचोळा कप्पा कडेला उघडा राहतो की आधीच मिटतो, कपाळाचा रंग आणि त्यावरचे बारीक खळगे, पुढच्या पायाचा पांढुरका भाग किती लांब, हे सगळं बघावं लागतं. शेवटी नराच्या जननांगाचं विच्छेदन करावं लागतं. या गोतावळ्यात ते लांब आणि गुंडाळलेलं असतं, सुईच्या टोकाने सोडवताना तुटतं. माझ्या बत्तीस माश्यांत तो कप्पा सगळ्यांचा अगदी सारखा नव्हता. एकच जात आणि तिच्यातला फरक, की एकाच ड्रममध्ये दोन जाती, हे या कुलाचा अभ्यास केलेल्या माणसाने नमुना हातात घेऊनच ठरवायचं. म्हणून वहीत ‘फायसिफोरा, जात अनिश्चित’ असंच आहे. अर्ध्या खात्रीचं पूर्ण नाव लिहिण्यापेक्षा पूर्ण खात्रीचं अर्धं नाव मला जास्त मोलाचं वाटतं. उद्या कोणी या शहरातल्या नोंदी गोळा करेल, तेव्हा त्याला निदान माझ्या ठिपक्यावर उभं राहता यावं.

चिठ्ठ्या मात्र मन लावून लिहिल्या. मुंबई, मुलुंड पश्चिम, १९.१७ उत्तर, ७२.९५ पूर्व. खताच्या ड्रममधून वाढवलेली, दुसऱ्या गटावर ‘भाजीच्या सालींतून वाढवलेली’. तारीख, माशी बाहेर आली तो दिवस, पकडणाऱ्याचं नाव. पहिल्या तीन माश्यांच्या चिठ्ठीवर मावशींचं नाव आहे, कारण त्या त्यांनीच धरून दिल्या होत्या, आणि वागणुकीच्या रकान्यात ‘नाचरी’. अर्ध्या माश्या टाचणीवर, अर्ध्या अल्कोहोलमध्ये. जिवंतपणीचे डोळ्यांचे फोटो क्रमांक घालून वेगळे ठेवले, कारण ते पट्टे आता फक्त तिथेच उरले आहेत.

ऑगस्टच्या बैठकीत मी तिन्ही डबे घेऊन गेले. मोठी आणि बारीक माशी एकाच पांढऱ्या बशीत शेजारी शेजारी ठेवली. वीस मिनिटं बोलायचं ठरवलं होतं, पण बशी हातोहात फिरली आणि पाच मिनिटांत सगळं उमगलं. यादी वाचणारा तो मुलगाच पहिल्यांदा म्हणाला, “आकार बघायला हवा होता.” सेक्रेटरी काकांनी दुसऱ्या दिवशी ती सूचना काढून टाकली आणि तिथे पत्रा दुरुस्तीच्या खर्चाचा कागद लावला. आजींकडे जाऊन कोणी काही बोललं की नाही, ते मी विचारलं नाही. त्यांनी मला डबाभर तिरफळाची आमटी पाठवली.

कॉलेजच्या नोंदवहीत क्रायसोमायाच्या जागी क्रायसोमायझा, आणि कंसात फायसिफोरा, असं आता पेन्सिलने लिहिलं आहे. फोनवर फिरणारी यादी अजून तशीच फिरते. ती जिथे दिसेल तिथे मी दुरुस्ती पाठवते. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, या माश्या ड्रमवर असतात की नाहीशा होतात, ते बघायचं आहे. मावशींना कॅलेंडर दिलं आहे. ज्या दिवशी दिसतील त्या तारखेभोवती गोल, नाही दिसल्या तर फुली. पहिल्या पानावर ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत अकरा गोल आहेत.